कळेल अशा मराठीतलं बायबल

आज मोबाइलवर बायबल उघडून कुणीही एकट्यानं अध्याय वाचतं. शंभर वर्षांपूर्वी केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांना ते सोपं नव्हतं. दुष्काळातून, वैधव्यातून आलेल्या, नुकत्या अक्षरं शिकलेल्या. मराठी नवा करार बंगालमधल्या सेरामपूरला १८११ मध्येच छापला गेला होता, पण जुन्या भाषांतरांतली संस्कृत वळणाची भाषा त्यांना अडायची.

पंडिता रमाबाई स्वतः संस्कृतच्या विदुषी. तरी त्यांनी साधी मराठी निवडली. हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ ग्रंथावरून भाषांतर करायला घेतलं. कामाला कित्येक वर्षं लागली. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरी हात थांबला नाही. भाषांतर पुरं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. १९२४ मध्ये ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.

मी जामनेरचा, सॉफ्टवेअर इंजिनिअर. घरी आम्ही तावडी बोलतो. पुस्तकी मराठी आम्हालाही अडते. वाईट दिवशी एखादं स्तोत्र वाचून धीर येतो, तो आधी अर्थ कळतो म्हणून. समजावून सांगायला मधे कुणी लागत नाही. रमाबाईंना त्या बायकांसाठी हेच हवं होतं.