चार्ल्स कोरिया

चार्ल्स मार्क कोरिया (१ सप्टेंबर १९३०, सिकंदराबाद – १६ जून २०१५, मुंबई) हे भारतीय वास्तुविशारद, नगररचनाकार आणि लेखक होते. साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय, भोपाळचे विधान भवन, पुण्यातील आयुका आणि पणजीची कला अकादमी या वास्तूंमुळे त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. अल्प उत्पन्न गटासाठी आखलेली लहान घरे हा मात्र त्यांच्या कार्याचा तितकाच महत्त्वाचा आणि तुलनेने कमी चर्चिला गेलेला भाग होय. घर कितीही लहान असले तरी त्याला उघड्या आकाशाखालची थोडी जागा मिळालीच पाहिजे, हे सूत्र त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

जीवन

कोरिया यांचे घराणे मूळचे गोव्याचे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयानंतर त्यांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था येथे वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतंत्र व्यवसाय सुरू केला.

नळीघर

गुजरात गृहनिर्माण मंडळाने स्वस्त घरांसाठी घेतलेली स्पर्धा कोरिया यांनी १९६०च्या सुमारास जिंकली. मंडळाला उद्वाहकाविना चालतील अशा बहुमजली सदनिका अभिप्रेत होत्या. कोरिया यांनी तेवढ्याच जमिनीवर तितकीच कुटुंबे बैठ्या घरांत बसवून दाखविली. अहमदाबादेत बांधलेले हे घर सुमारे ३.६ मीटर रुंद आणि १८ मीटर लांब असून आकारावरून ते 'नळीघर' म्हणून ओळखले जाते. त्याचे उतरते छप्पर केवळ पावसासाठी नव्हते. तापलेली हवा छपराच्या उतारावरून वर चढून माथ्यावरील फटीतून बाहेर पडे आणि तिच्या जागी दाराजवळील झडपांतून ताजी हवा आत येई. आत दरवाजांनी बंद केलेल्या खोल्या जवळजवळ नव्हत्याच; जमिनीच्या पातळीतील फरक आणि लहानसा चौक यांनीच जागेची विभागणी केलेली होती. पेरूची राजधानी लिमा येथे संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने झालेल्या प्रायोगिक वसाहतीतही (१९६९–७३) त्यांनी अशीच अरुंद व लांब घरे आखली.

विचार

'द न्यू लँडस्केप' (१९८५) या पुस्तकात कोरिया यांनी आपली मांडणी सविस्तर केली आहे. त्यांच्या मते घर म्हणजे केवळ स्वयंपाकाची आणि झोपण्याची खोली नव्हे. मुले खेळतात व शेजारणी बोलत बसतात तो उंबऱ्यापुढचा ओटा, पाणवठ्यासारखी वस्तीची जागा आणि शेवटी साऱ्या गावाचे मैदान, हे सर्व मिळून माणसाचे राहणे पुरे होते. उष्ण प्रदेशात दिवसाचा व वर्षाचा बराच काळ अंगणात काढता येतो. म्हणून बांधलेली खोली आणि मोकळे अंगण यांची अदलाबदल करता येते, आणि अंगण खोलीपेक्षा पुष्कळच स्वस्त पडते. उंच इमारतीत गरिबाची हीच जागा प्रथम नाहीशी होते, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. जमीन वाचविण्यासाठी उंच बांधणे अपरिहार्य आहे, हा युक्तिवादही त्यांना मान्य नव्हता. शहरातील फार तर एक तृतीयांश जमीन घरांखाली असते, त्यामुळे घरांची दाटी दुप्पट केल्याने शहराचा विस्तार निम्मा होत नाही, असे ते दाखवून देत.

नवी मुंबई आणि बेलापूर

मुंबईची वाढ खाडीपलीकडे वळवावी, अशी योजना कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६४ मध्ये मांडली. पुढील वर्षी ती 'मार्ग' नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यावर कोरिया काही वर्षे तिचे मुख्य वास्तुविशारद होते.

'आर्टिस्ट्स व्हिलेज' या नावाने ओळखली जाणारी बेलापूरची वसाहत (१९८३–८६) हे त्यांच्या गृहविचाराचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मानता येईल. येथे सात घरे सुमारे ८ मीटर लांब-रुंद अशा एका सामाईक अंगणाभोवती मांडली आहेत. असे तीन समूह मिळून २१ घरांचे मोठे अंगण होते, आणि ही साखळी वस्तीच्या मोकळ्या जागेपर्यंत जाते. भूखंड सुमारे ४५ ते ७५ चौरस मीटरांचे. कुटुंबांच्या उत्पन्नात जेवढी तफावत होती त्या मानाने जमिनीतील फरक पुष्कळच कमी ठेवला होता. जोते, भिंती आणि उतरते कौलारू छप्पर असे बांधकाम स्थानिक गवंड्याला सहज जमणारे होते. शेजाऱ्याशी सामाईक भिंत बहुधा नाहीच, कारण ऐपत वाढेल तसे प्रत्येक कुटुंबाला कोणाची परवानगी न मागता घर वाढविता यावे, हा हेतू होता. एवढ्या बैठ्या बांधणीतही हेक्टरी सुमारे ५०० माणसांची घनता साधली गेली.

रहिवाशांनी वाढीची ही मुभा मनापासून वापरली. पुढील दशकांत अनेक मूळ घरे पाडून त्या जागी काँक्रीटची दोन-तीन मजली घरे उभी राहिली. कौलारू घरे आता थोडीच दिसतात. काही अभ्यासक यास आराखड्याचे अपयश म्हणतात. परंतु जे घर बदलता यावे म्हणूनच आखले होते ते बदलले, यात अपयश शोधणे फारसे न्याय्य नाही. घरे बदलली तरी अंगणांची रचना बऱ्याच अंशी टिकून आहे. 

कोरिया यांनी श्रीमंतांसाठीही बांधले. मुंबईतील २८ मजली 'कांचनजंगा' (१९८३) इमारतीच्या दुमजली उंचीच्या गच्च्यांमध्ये जुन्या बंगल्यांच्या पडवीचाच धागा दिसतो. 

सार्वजनिक कार्य व सन्मान

१९८५ मध्ये ते राष्ट्रीय नागरीकरण आयोगाचे अध्यक्ष झाले. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार व्हावा, अशी शिफारस त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९९६ मध्ये राज्य शासनाला केली. तेव्हाच्या नियमानुसार या जमिनींचा प्रत्येकी एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि सार्वजनिक गृहनिर्माणासाठी मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी गिरण्यांच्या आवारातील केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली.

कोरिया यांना पद्मश्री (१९७२), ब्रिटिश वास्तुविशारद संस्थेचे रॉयल सुवर्णपदक (१९८४), आगाखान पुरस्कार (१९९८) आणि पद्मविभूषण (२००६) हे सन्मान लाभले.