गिबनची पत्रे : कुटुंब, प्रकृती आणि पैसा

पत्रवाङ्मयाचा विचार करताना एक गृहीत सहसा तपासले जात नाही. आत्मचरित्र ही रचना असते, तर खासगी पत्रात माणूस जसा आहे तसा उतरतो, असे ते गृहीत आहे. ते तपासून पाहण्यासाठी एडवर्ड गिबन (१७३७-१७९४) हे उत्तम उदाहरण ठरते. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाच्या या इतिहासकाराने आत्मचरित्राचे सहा खर्डे मागे ठेवले आणि त्यांतला एकही पूर्णत्वास नेला नाही. दुसऱ्या बाजूला त्याची पत्रे आहेत. जे. ई. नॉर्टन यांनी १९५६ मध्ये तीन खंडांत संपादित केलेल्या या पत्रांत रोमपेक्षा गहाणखते, कुळे, सावत्र आई आणि सुजलेले पाय यांचाच वावर अधिक आहे.

या घराण्याला पैशाची धास्ती वारशानेच मिळालेली होती. आजोबा साउथ सी कंपनीचे एक संचालक होते. १७२० मध्ये कंपनीचा फुगा फुटल्यावर पार्लमेंटने संचालकांची मालमत्ता जप्त केली. तेव्हा एक लाख सहा हजार पौंडांहून अधिक संपत्तीपैकी आजोबांच्या हाती केवळ १०,००० पौंड राहिले. त्यांनी बरेचसे पुन्हा कमावले, पण मुलाने, म्हणजे गिबनच्या वडिलांनी, ते राखले नाही. १७५८ मध्ये पाच वर्षांनी लोझानहून परतलेल्या गिबनने वडिलोपार्जित जमिनीवरील वारसाहक्काचे बंधन तोडण्यास संमती दिली. त्यामुळे वडिलांना १०,००० पौंड उभारता आले आणि मुलाला ३०० पौंडांचे वर्षासन मिळाले. सुझान क्युर्शोशी विवाहाला वडिलांनी नकार दिला तोही याच काळात. पित्याच्या तनख्यावर जगणाऱ्या मुलाच्या हाती त्या नकारापुढे फारसे काही नव्हते.

या नात्याचे स्वरूप एका पत्रातून स्पष्ट होते. पार्लमेंटची जागा मिळवण्यासाठी वडील दीड हजार पौंड खर्चण्यास तयार होते. आपल्या अंगी वक्तृत्व नाही, तेव्हा हा पैसा इटलीच्या प्रवासासाठी द्यावा, अशी गिबनची विनंती होती. हे पत्र लिहिताना पितापुत्र एकाच घरात राहत होते, आणि रोज भेटणाऱ्याने पत्र लिहावे याचे नवल गिबन स्वतःच आरंभी नोंदवतो. अंतर मिटवणे हे पत्राचे प्रयोजन मानले जाते. येथे मात्र पत्र अंतर निर्माण करते, कारण समोरासमोर न बोलवणारी मागणी त्या अंतरावरूनच मांडता येते.

१७७० मध्ये वडील वारले आणि कर्जाचा गुंता गिबनकडे आला. पुढील पत्रांत विषयांची एक वाटणी दिसू लागते. पैशाचा तपशील जातो तो मुख्यतः जॉन होलरॉइड, म्हणजे पुढे लॉर्ड शेफील्ड झालेल्या व्यवहारकुशल मित्राकडे. लेनबरोची जमीन विकण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळतो, आणि गिबनचा सूर कधी अजिजीचा, कधी स्वतःच्या आळसाची थट्टा करणारा असतो. बाथ येथे राहणाऱ्या सावत्र आईला, डॉरोथिया गिबनला, प्रामुख्याने प्रकृतीची खुशाली कळवली जाते. तिच्या निर्वाहाची नेमणूक त्याच मिळकतीतून द्यावयाची होती, त्यामुळे पुत्रस्नेहाच्या भाषेखाली देणेकऱ्याची जाणीवही वाहत राहते. यातला खरा गिबन कोणता, हा प्रश्न मग निरर्थक ठरतो. प्रत्येक पत्रातला ‘मी’ वाचणाऱ्याच्या नात्याने घडलेला आहे.

मोकळेपणाच्या मर्यादा सर्वांत तीव्रतेने दिसतात त्या प्रकृतीच्या संदर्भात. गाउटविषयी गिबन दिलखुलास लिहितो. तो सुखवस्तू घरातला प्रतिष्ठित विकार होता, त्यावर विनोद करता येत असे. अंडवृद्धीला अशी प्रतिष्ठा नव्हती. १७६१ मध्ये त्याने सीझर हॉकिन्स या शल्यविशारदाला दाखवले होते. हॉकिन्सने पुन्हा येण्यास सांगितले, पण गिबन गेला नाही. सूज वाढत राहिली, सर्वांना दिसत राहिली आणि पत्रांतून पूर्णपणे वगळली गेली. नोव्हेंबर १७९३ मध्ये त्याने अखेर शेफील्डला लिहिले, आणि तेही इतक्या वर्षांत तुझ्या हे लक्षात आलेच असेल अशा अर्थाच्या प्रश्नाने सुरुवात करून. त्यानंतर तीन वेळा पाणी काढण्यात आले. अखेरची शस्त्रक्रिया १३ जानेवारी १७९४ ला झाली आणि १६ जानेवारीला गिबनचा मृत्यू झाला. वाङ्मयीन संकेत केवळ लेखनापुरते मर्यादित राहत नाहीत, याचा याहून कठोर पुरावा शोधावा लागणार नाही. जे पत्रात लिहिता येत नव्हते, ते वैद्याला सांगणेही तीस वर्षे लांबणीवर पडले.

आत्मचरित्रात गिबन आपल्या मध्यम सांपत्तिक स्थितीचे ऋण मानतो. अधिक गरिबीत किंवा अधिक श्रीमंतीत हा इतिहास पुरा झाला नसता, असा त्याचा निर्वाळा आहे. पत्रे वाचली म्हणजे ही ‘मध्यम स्थिती’ दैवाने आयती दिलेली नव्हती, हे लक्षात येते. व्यापारमंडळावरील नेमणूक १७८२ मध्ये गेली, लंडनचा खर्च झेपेना, आणि १७८३ मध्ये तो स्वस्ताईच्या लोझानला मित्र डेव्हर्दूनकडे राहण्यास गेला. इतिहासाचे शेवटचे तीन खंड १७८८ मध्ये प्रसिद्ध झाले ते या काटकसरीच्या आणि इंग्लंडात शेफील्डने केलेल्या खटपटीच्या आधारावर.

याच शेफील्डने १७९६ मध्ये सहा खर्ड्यांतून एकसंध आत्मचरित्र जुळवले आणि निवडक पत्रे काटछाट करून छापली. सविस्तर घरगुती पत्रव्यवहार वाचकांपुढे येण्यास १८९६ साल उजाडावे लागले. ज्याला पैशाची पत्रे लिहिली गेली, त्यानेच पैसा झाकला आणि इतिहासकार उभा केला. आत्मचरित्र आणि पत्रे यांच्यामागे अशा प्रकारे एकच हात वावरतो. म्हणून पत्रातील ‘मी’ला पुरावा मानण्यापूर्वी ते पत्र कोणाला लिहिले, कोणी जपले आणि कोणी छापले, हे तीन प्रश्न अभ्यासकाने विचारले पाहिजेत. पत्रात काय लिहिलेले नाही, याचा अर्थ त्यानंतरच लागू शकतो.