नाशिकचा हिरा आणि अनोळखी गिऱ्हाईक

भिवंडीत ग्रे कापडाला नवं गिऱ्हाईक आलं, की पेढीवरचा पहिला प्रश्न असतो, ‘मध्ये दलाल कोण?’ भाव नंतर. आजच्या ऑनलाइन लिलावात दलालाच्या शब्दाची जागा अनामत रकमेने घेतली आहे, एवढाच फरक.

नाशिकचा हिरा १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांच्या हाती लागला. तो त्र्यंबकेश्वराचा, अशी परंपरा आहे. कंपनीने तो लंडनला धाडला. तिथे रंडेल अँड ब्रिजने तो घेतला, पुढे इमॅन्युएल बंधूंनी ७,२०० पौंडांना. १८३७ मध्ये तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसकडे गेला. सगळी नावाजलेली माणसं. १९४० मध्ये हॅरी विन्स्टनने त्याला नवे पैलू पाडले, वजन उरलं ४३.३८ कॅरट. एप्रिल १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क-बर्नेट लिलावात मात्र पाच लाख डॉलरची बोली जिंकली ती मालवाहतूक कंपनीच्या एका अधिकाऱ्याने. (आमच्या गोदामांच्या गावात याचं कुणाला नवल वाटू नये.)

जवाहिऱ्यांच्या या रांगेत नवखा तो एकटाच. मला मात्र खटकते ती पहिली विक्री. तिथे गिऱ्हाईक पतीचं होतं, माल लुटीचा.