आपला रेकॉर्ड डान्स आणि गाण्याचे मालक

आपल्या सोसायटीच्या पहिल्या गणेशोत्सवात वर्गणी कमी आणि उत्साह जास्त होता. पोरांचा रेकॉर्ड डान्स ठरला. कॅसेट परभणीहून आणल्या, टेप एका घरचा, स्पीकर पिंगळी गावातल्या मंडपवाल्याचा. त्याला भाडं दिलं. ज्यांचं गाणं, त्यांनाही काही द्यायचं असतं, हे कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

पुढे एका वर्षी पटांगणात डीजे लावला आणि बाहेरच्यांना पास विकले. सभेत एका सभासदाने लायसन्सचं विचारलं. "घरचा कार्यक्रम, त्याला कसलं लायसन्स?" असं म्हणणारा खजिनदार मीच होतो. विषय तिथेच मिटला. निवृत्तीनंतर 1957 चा कॉपीराइट कायदा वाचला, तेव्हा माझी चूक कळली.

बँकेच्या भाषेत सांगायचं तर एकाच गाण्यावर दोन बोजे असतात. ध्वनिमुद्रण कंपनीचं, शब्द आणि चाल गीतकार-संगीतकारांची. कंपन्यांसाठी वसुली करणारी पीपीएल 1941 ची, गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस 1969 ची. पण 1977 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन करून घेतलेल्या चित्रपटगीताचा पहिला मालक निर्माताच. म्हणजे गाणं गावोगाव वाजलं तरी चाल बांधणाऱ्याच्या हाती काही पडेलच असं नव्हतं. जावेद अख्तरांनी राज्यसभेत हा प्रश्न लावून धरला आणि 2012 च्या दुरुस्तीने रॉयल्टीतला त्यांचा वाटा कायद्यात आला.

याच कायद्याच्या कलम 52 मध्ये आपल्यासारख्यांना सवलतही आहे. रहिवाशांच्या सामाईक, बंदिस्त हॉलमध्ये, मुख्यतः त्यांच्यासाठीच रेकॉर्ड वाजवली तर हक्कभंग होत नाही. धार्मिक विधी आणि लग्नाची वरात यांनाही सूट आहे. मात्र सवलत कुठवर ताणायची यावर कोर्टात भांडणं चालतात. लग्नसमारंभांविषयी गोवा सरकारने काढलेलं परिपत्रक मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट 2024 मध्ये रद्द केलं.

आपलं पटांगण काही हॉल नव्हतं, अन् पास घेणारे रहिवासी नव्हते. त्या पैशातून आपण बोअरची मोटार बसवली. ती अजून चालते आहे, आणि पाणी भरताना मला दरवेळी ती सभा आठवते.

यंदाचा रौप्यमहोत्सवी कार्यक्रम हॉलमध्येच आहे, पास नाहीत. पुढे कधी पटांगणात घ्यायचा झाला तर लायसन्सची फी अंदाजपत्रकात आधीच धरावी, असं मी कमिटीला लेखी दिलं आहे.