वापरलेली प्रत: बीड जिल्ह्यातील संगीत नाटकाचा कागदी पुरावा

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, बीड आणि अहिल्यानगर यांच्या दरम्यान प्रवासी रेल्वे सुरू झाली. नाट्येतिहासावरील लेखाचा आरंभ रेल्वेने का, असा प्रश्न पडेल. पण संगीत नाटकाच्या वैभवकाळातल्या मोठ्या नाटक मंडळ्यांचा भूगोल हा बराचसा रेल्वेचा भूगोल होता. पडदे, पोशाख, वाद्ये, स्वयंपाकाची भांडी आणि माणसांचा लवाजमा घेऊन फिरायचे, तर स्टेशन जवळ हवे. बीड शहराच्या उत्तरेला औरंगाबाद, जालना, परभणी यांना जोडणारी मनमाड–सिकंदराबाद वाट होती. दक्षिणेला कुर्डूवाडी–बार्शी–लातूर ही बार्शी लाइट रेल्वे. पूर्वेकडच्या परळीला गाडी मिळाली. जिल्ह्याच्या उरलेल्या बऱ्याच भागाला मात्र सडक आणि बैलगाडी हाच आधार होता.

मोठा बारदाना जिथे अडतो, तिथे एक वस्तू सहज पोचते: छापील पुस्तक. पुण्या-मुंबईला छापलेले नाटक एखाद्या वकिलाच्या, शिक्षकाच्या किंवा व्यापाऱ्याच्या पिशवीतून येऊ शकते. म्हणून बीडसारख्या जिल्ह्यात संगीत नाटकाचा माग काढताना केवळ प्रयोगांच्या आठवणी गोळा करून भागणार नाही. पुस्तकांच्या प्रती शोधल्या पाहिजेत, आणि त्या केवळ साहित्य म्हणून न पाहता वापराचा पुरावा म्हणून पाहिल्या पाहिजेत.

पण ज्याने प्रयोग पाहिलाच नाही, त्याला पुस्तकावरून पदे गाता येतील का? याचे उत्तर पुस्तकातच आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला, १८८२ मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले. या नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या माथ्यावर स्वरलिपी नसते. तिथे साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशी जातीची नावे असतात, किंवा एखाद्या परिचित गाण्याची ‘चाल’ सांगितलेली असते. म्हणजे लेखकाने वाचकाच्या कानावर भरवसा ठेवला आहे. साकी आणि दिंडी कीर्तनातल्या आख्यानामुळे घराघरांत माहीत होत्या. कीर्तन-भजनावर पोसलेल्या गावाला ‘सौभद्र’चे पुस्तक मिळाले, तर त्यातली निदान काही पदे कंपनीचे तिकीट न काढताही म्हणता येण्यासारखी होती. संगीत नाटकाचे पुस्तक अशा गावात मुके नव्हते.

पुढे परिस्थिती बदलली. १९११ साली आलेल्या खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांच्या चाली होत्या, तर १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांच्या. रागदारी वाढली, गायकाच्या तयारीवर पदाचे यश ठरू लागले. माथ्यावरचे रागाचे नाव वाचून ते पद उभे करणे हौशी गायकाला कठीण होते. त्यासाठी ग्रामोफोनची तबकडी किंवा जाणता उस्ताद लागे. म्हणून १९११ पूर्वीची आणि नंतरची नाटके एकाच कपाटात असली, तरी संशोधकाने त्यांना वेगळे प्रश्न विचारावेत. पहिल्या गटाबद्दल विचारावे: इथे कोणत्या चाली आधीपासून ठाऊक होत्या? दुसऱ्या गटाबद्दल विचारावे: त्या चाली इथवर कशा आल्या?

शोधाचे पहिले साधन म्हणजे शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांच्या नोंदी तिच्या पहिल्या भागात आहेत. तिच्यावरून नाटकांची यादी करून जिल्ह्यातल्या वाचनालयांत, शाळांच्या कपाटांत आणि जुन्या घरांतल्या ट्रंकांत शोध घेता येतो. मात्र सूचीलाही मर्यादा असते. ब्रिटिश मुलखात १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची सरकारदरबारी नोंद होई. बीड निजामाच्या राज्यात होते. तिथल्या एखाद्या लहान छापखान्यात निघालेले नाटक किंवा पदांची चोपडी त्या नोंदवहीत आपोआप येणार नव्हती. अशी पुस्तके सूचीतून सापडत नाहीत. ती हाताने शोधावी लागतात.

सूचीची दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. ती पुस्तक सांगते, प्रत सांगत नाही. ‘एकच प्याला’ची नोंद राम गणेश गडकरी यांच्या नावावर होते, आणि ते योग्यच आहे. पण त्यातली पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची आहेत. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले. नाटक रंगभूमीवर आले ते त्यानंतर. एका पुस्तकामागे किती हात असतात, हे मुखपृष्ठावरून कळत नाही. वापरलेल्या प्रतीवरून तर आणखी काही हात दिसतात. ‘सौभद्र’मध्ये शंभराहून अधिक पदे आहेत, प्रयोगात त्यांतली बरीच गाळली जातात. कोणती गाळली, हे तालमीच्या प्रतीत पेन्सिलीच्या फुलीने कळते. समासात नटांची नावे असतील, पेटीवाल्यासाठी पट्टी लिहिली असेल, प्रॉम्प्टरने जागा अधोरेखित केली असेल, पुढच्या पानावर वर्गणीचा हिशेब असेल. ही माहिती कोणत्याही सूचीत नाही. त्या गावच्या रंगभूमीची तीच एकमेव दप्तरनोंद असू शकते.

धोका नेमका इथेच आहे. वाचनालयात जागा कमी पडली की फाटलेली, रेघा मारलेली, ‘डबल’ प्रत आधी निर्लेखनात जाते. नाटकाची नवी आवृत्ती किंवा स्कॅन उपलब्ध असेल, तर जुनी प्रत ठेवायची कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. घर पाडताना ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते ती याच न्यायाने. खराब झालेली म्हणून जी प्रत टाकली जाते, तीच इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत चांगली असते.

याच जिल्ह्यात जपणुकीचे थोर उदाहरण आहे. सोळाव्या शतकात जन्मलेल्या दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांब कापडावर ‘पंचीकरण’ लिहिले. ती पासोडी अंबाजोगाईत टिकली, कारण ती पवित्र मानली गेली. शतकानुशतके कोणी तिला जुने कापड म्हटले नाही. नाटकाच्या पुस्तकाला असा मान नव्हता. ते करमणुकीचे, चार-आठ आण्यांचे, हाताळून चिंधी व्हायचे. त्यामुळे त्याचे रक्षण श्रद्धा करणार नाही. ते जाणीवपूर्वकच करावे लागेल.

काम फार खर्चाचे नाही. सापडलेल्या प्रत्येक प्रतीचे मुखपृष्ठ, आवृत्ती, छापखाना, किंमत आणि प्रयोगाच्या हक्कांची सूचना नोंदवावी. समासातील लेखनासह सगळी पाने टिपावीत. कोरी पानेही सोडू नयेत. प्रत कोणाच्या घरची, कोणत्या गावची, हे मालकाच्या संमतीने लिहावे. ज्यांना पदे अजून म्हणता येतात, त्यांच्याकडून ती ध्वनिमुद्रित करावीत, कारण माथ्यावरच्या ‘चाली’चे मूळ गाणे विसरले गेले की छापील ओळ अर्धी निकामी होते. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क राहतात. किर्लोस्कर, देवल, गडकरी आणि १९४८ मध्ये वारलेले खाडिलकर यांच्या संहितांबाबत ती मुदत संपलेली आहे. नंतरच्या नाटकांसाठी आणि पदकार वेगळा असेल तिथे मात्र हक्क तपासून घ्यावेत.

बीडची रंगभूमी किती मोठी होती, याचा निवाडा आज घाईने करू नये. आधी प्रती एकत्र येऊ द्याव्यात. रेल्वे उशिरा आली म्हणून या जिल्ह्यात नाट्यसंगीतही उशिरा आले, असे गृहीत धरण्यापूर्वी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली आलेली, कव्हर गेलेली पुस्तके एकदा उघडून पाहावीत. पेन्सिलीची एक फुली दिसली, तरी ती प्रत रद्दीत देऊ नये.