रेणू औषध होताना : प्रस्तावना

वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर इथल्या महाविद्यालयांत सेंद्रिय रसायनशास्त्र शिकणारी मुले-मुली डोळ्यांसमोर ठेवून हे पुस्तक लिहिले आहे. समघटक, क्षार, एस्टर हे शब्द त्यांनी परीक्षेत कितीदा तरी लिहिलेले असतात. याच तिन्हींच्या बळावर एक नवे प्रतिजैविक आपल्या पश्चिमेला, छत्रपती संभाजीनगरला संशोधन केंद्र असलेल्या वोक्हार्ट कंपनीने घडवले, हे मात्र त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

ते औषध म्हणजे लेव्होनॅडिफ्लॉक्सासिन. जपानच्या ओत्सुका कंपनीचे नॅडिफ्लॉक्सासिन मुरुमांवरच्या मलमात आधीपासून वापरात होते. त्याच्या एका कार्बनला चार वेगवेगळे गट जोडलेले असल्याने रेणूची दोन रूपे होतात, डाव्या-उजव्या हातांसारखी. जीवाणू मारण्याची ताकद मुख्यतः एकाच रूपात असते, म्हणून तेवढेच निवडले. शिरेतून द्यायचे तर ते पाण्यात नीट विरघळायला हवे. त्यासाठी आर्जिनिनबरोबर त्याचा क्षार केला. गोळीसाठी हायड्रॉक्सिल गटावर ॲलानिनचा एस्टर बांधला. शरीरातली विकरे हा एस्टर तोडतात आणि मूळ औषध मोकळे होते. पुढे रुग्णांवरच्या चाचण्या झाल्या आणि 2020 च्या जानेवारीत इंजेक्शन व गोळी दोन्हींना भारतात मान्यता मिळाली.

मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट आणखी पुढची आहे. गळवातला पू आम्लधर्मी असतो. तिथे बरीच फ्लुओरोक्विनोलोन औषधे मंदावतात. हा रेणू उलट अधिक प्रभावी ठरतो. मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस अशाच जागी ठाण मांडून बसतो. औषधी रसायनशास्त्रज्ञाला रेणूइतकीच तो जिथे पोचणार ती जागा ओळखावी लागते, आणि पुस्तकातला निम्मा भाग मी त्या जागांना दिला आहे: जठरातले आम्ल, यकृतातली विकरे, आलेले औषध बाहेर फेकणारे जीवाणूंचे पंप.

पहिल्या प्रकरणाआधी वहीत नॅडिफ्लॉक्सासिनची रचना काढा. चार वेगळे गट असलेला कार्बन, आम्ल गट आणि हायड्रॉक्सिल गट यांना पेन्सिलीने गोल करा. पुढची तीन प्रकरणे त्या तीन गोलांपासूनच सुरू होतात.