पुसदचे गवत आणि ग्रामसभा

१० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या राखीव जंगलात विनापरवाना गवत कापले आणि सहा महिन्यांची शिक्षा पत्करली. वणीचे अणे स्वतः वकील होते, दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बसलेले. कायदा मोडला का, एवढेच न्यायालयापुढे होते. तो कोणाच्या संमतीने झाला, हा प्रश्न सत्याग्रहाने पुढे आणला. कारण तेव्हाचा मताधिकार मालमत्तेशी बांधलेला होता आणि जंगलावर जगणारे बहुतेक त्याबाहेरच होते.

उत्तराला पाऊणशे वर्षे लागली. २००६ च्या वनहक्क कायद्याने दाव्यांची पडताळणी ग्रामसभेकडे सोपवली. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील नियमगिरीच्या खाणीसंदर्भात गावांच्या धार्मिक-सांस्कृतिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा, असा आदेश दिला. बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली.

मात्र न्यायालय अधिकार मान्य करते. सभा भरवत नाही. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश स्त्रिया. केळापूर-घाटंजीकडच्या कोलाम पोडावर ही गणसंख्या भरली, तरच तिथल्या बहुमताला अर्थ आहे.